450 अँपिअरच्या आयजीबीटीसाठी गेट ड्रायव्हर कार्ड: प्रकल्प नोंदी

3 जून 2024

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शाफ्टला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून लगेच थंड करून कडक करायचं, इंडक्शन हार्डनिंग मशीन आहे. हाफ-ब्रिज (एकावर एक असे दोन स्विच), 10 किलोहर्ट्झ, 1200 व्होल्ट 450 अँपिअरचं आयजीबीटी मॉड्यूल. आयजीबीटी म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, तो गेटवरच्या व्होल्टेजनं चालतो. दोन वर्षांत तिसरं मॉड्यूल उडालंय. जुनं गेट कार्ड काढून उद्यमनगरात आमच्या टेबलावर आणलं. त्यात नुसता ऑप्टो (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा भाग) आणि ट्रान्झिस्टरांची एक जोडी आहे. शॉर्ट सर्किट ओळखणारं काहीच नाही, म्हणजे करंट बेसुमार वाढला तर मॉड्यूल फुटेपर्यंत गेट चालूच राहणार. मालकांना सांगितलं, नुसतं मॉड्यूल बदलून भागणार नाही, कार्ड नव्यानं करू. ते म्हणाले, "करा, पण ह्या खेपेला टिकलं पाहिजे."

ड्रायव्हर, म्हणजे गेटला चालवणारी चिप, ठरला आयएसओ5852एस. डीसॅट संरक्षण (चालू आयजीबीटीवरचं व्होल्टेज चढलं की शॉर्ट सर्किट ओळखणं), फॉल्टच्या वेळी सॉफ्ट टर्न-ऑफ (गेट हळू उतरवणं), मिलर क्लॅम्प (समोरचा आयजीबीटी चालू होताना बंद गेटमध्ये घुसणारा मिलर करंट खाली ओढून गेट बंद धरणं), कमी पुरवठ्यावर आपोआप बंद होणं, हे सगळं आतच आहे. चालू करायला 2.5 अँपिअर, बंद करायला 5 अँपिअर.

5 जून

आज गेटचा हिशोब. मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये −15 ते +15 साठी गेट चार्ज 3.3 मायक्रोकूलंब दिलाय. आपला पुरवठा +15/−8, म्हणजे 23 व्होल्टचा झोका, त्या प्रमाणात सुमारे 2.5 मायक्रोकूलंब. 10 किलोहर्ट्झला 2.5 × 23 × 10 हजार = 0.58 वॅट. 2 वॅटचा आयसोलेटेड डीसी-डीसी पुरून उरतो.

अडचण पीक करंटची. मॉड्यूलच्या आतला गेट रेझिस्टन्स 1.9 ओहम, बाहेरचा आम्हाला 1 ओहमच्या आसपास हवाय. 23 भागिले 2.9, जवळपास 8 अँपिअर. ड्रायव्हर एकटा एवढा देऊ शकत नाही. बाहेरचा रेझिस्टर वाढवून भागवता येईल, पण मग 10 किलोहर्ट्झला स्विचिंगची उष्णता वाढते आणि हे मशीन आधीच गरम चालतं. तेव्हा ड्रायव्हर आणि गेट यांच्यामध्ये ट्रान्झिस्टरांचा बफर बसवायचा.

8 जून

बफर कसला, यावर अख्खी सकाळ गेली. पी-चॅनल आणि एन-चॅनल मॉस्फेटची जोडी मोह पाडते, कारण आउटपुट रेलपर्यंत, म्हणजे पुरवठ्याच्या टोकापर्यंत, पूर्ण जातं. पण ती जोडी सिग्नल उलटा करते. ड्रायव्हरनं फॉल्ट पाहून आउटपुट खाली ओढलं की असल्या बफरचं आउटपुट वर जाणार, म्हणजे शॉर्ट सर्किटमध्ये अडकलेल्या आयजीबीटीचं गेट आपण आणखी घट्ट चालू धरणार. ड्रायव्हर आणि बफर यांच्यामधला ट्रॅक तुटला किंवा ड्रायव्हरचा पुरवठा गेला, तर बंदच राहील याचीही खात्री नाही. संरक्षण असलेल्या ड्रायव्हरसोबत उलटा बफर चालतच नाही, डेटाशीटमध्येही तसं स्पष्ट बजावलंय.

म्हणून एनपीएन-पीएनपी एमिटर फॉलोअर, ज्याचं आउटपुट इनपुटच्या मागोमाग त्याच दिशेनं जातं. त्याच डेटाशीटमध्ये जोड्याही सुचवल्यात: 8 अँपिअरपर्यंत एमजेडी44एच11 आणि एमजेडी45एच11, 15 अँपिअरपर्यंत डी44व्हीएच10 आणि डी45व्हीएच10. आम्ही पहिली घेतली. आकार लहान आणि पृष्ठभागावर बसते, त्यामुळे गेटपर्यंतचा लूप आखूड होतो.

14 जून

बोर्ड आले. जोडणी अशी: ड्रायव्हरचं आउटपुट बफरच्या बेसच्या सामायिक बिंदूला. एनपीएनचा कलेक्टर +15 ला, पीएनपीचा −8 ला. दोन्ही एमिटर एकत्र, तिथून 1 ओहम, मग गेट. बेस-बिंदू आणि एमिटर-बिंदू यांच्यामध्ये 22 ओहम. हा 22 ओहम यासाठी की एमिटर फॉलोअर वर-खाली दोन्हीकडे 0.6-0.7 व्होल्ट राखून ठेवतो. हा रेझिस्टर तो राहिलेला भाग हळूहळू भरतो आणि गेट पूर्ण +15 व −8 पर्यंत पोहोचतं.

कलेक्टरांना लागून प्रत्येक रेलवर 10 मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक. एका स्विचिंगला 2.5 मायक्रोकूलंब निघतो, म्हणजे 10 मायक्रोफॅरडवर पाव व्होल्टची घट. शिवाय एक्स7आर जातीचा हा सिरॅमिक कपॅसिटर डीसी व्होल्टेजखाली बरीच किंमत घालवतो. म्हणून दोन घेतले.

बाजारातून आणलेल्या पीएनपीचा गेन (बेसचा करंट किती पट वाढतो तो आकडा) 4 अँपिअरला मोजला तर जेमतेम 15 भरला. डेटाशीटप्रमाणे किमान 40 हवा. कापसावर थोडं थिनर घेऊन पुसलं तर वरची अक्षरं निघून आली. असा माल विकणाऱ्यांची चीड येते, कारण हे ट्रान्झिस्टर साध्या चाचणीत पास होतात आणि नेमके फॉल्टच्या क्षणी दगा देतात. सगळी पट्टी बाजूला काढली, अधिकृत वितरकाकडे नवी मागणी टाकली. पाच दिवस गेले.

19 जून

खऱ्या ट्रान्झिस्टरांवर पहिली पल्स. 110 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरला गेट समजून जोडलं. एमिटरवर सुमारे 40 मेगाहर्ट्झची थरथर. कपॅसिटिव्ह लोडवर एमिटर फॉलोअर असा नाचतोच. प्रत्येक बेसला स्वतंत्र 2.2 ओहम लावला, थरथर गेली.

22 जून

डबल पल्स टेस्ट (लागोपाठ दोन पल्स देऊन चालू-बंद होणं तपासायचं), 600 व्होल्ट, 450 अँपिअरपर्यंत. लाटा स्वच्छ. चालू-बंद होताना कुठं तक्रार नाही. इथे जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

27 जून

शॉर्ट सर्किटची चाचणी. वरच्या आयजीबीटीवर जाड तांब्याची पट्टी आवळली, खालच्याला एकच पल्स द्यायची. पल्स जनरेटरवर 8 मायक्रोसेकंदांची वेगळी मर्यादा घातली, म्हणजे डीसॅट चुकला तरी मॉड्यूल त्याच्या 10 मायक्रोसेकंदांच्या हद्दीत सुटेल. कपॅसिटरांची बँक 1500 मायक्रोफॅरडची. 600 व्होल्टला त्यात 270 जूल बसतात, म्हणून सगळं पॉलिकार्बोनेटच्या पेटीत, ब्लीडर (बँक रिकामी करणारा रेझिस्टर) कायमचा जोडलेला आणि मीटर डोळ्यांसमोर. आयटीआयचा पोरगा मदतीला आहे. त्याला पहिला नियम सांगितला: मीटर 30 व्होल्टच्या खाली गेल्याशिवाय पेटीला हात नाही.

पहिल्यांदा 300 व्होल्टवर. शॉर्ट सर्किटचा करंट मुख्यत्वे गेट व्होल्टेजवर ठरतो, डीसी व्होल्टेज निम्मं केलं तरी तो फारसा घटत नाही. रोगोव्स्की कॉइलनं (करंट मोजायचं वेटोळं) 1800 अँपिअर दाखवला. डीसॅटची वेळ हिशोबाबरहुकूम: 9 व्होल्टची मर्यादा, 0.5 मिलिअँपिअरचा चार्जिंग करंट आणि 150 पिकोफॅरड मिळून 2.7 मायक्रोसेकंद, अधिक ड्रायव्हरचं स्वतःचं 0.4 चं ब्लँकिंग (तेवढा वेळ तो मोजतच नाही) आणि पुढचा विलंब. गेट 3.8 मायक्रोसेकंदांनी पडायला लागलं. फॉल्टचा सिग्नल आला, ड्रायव्हर अडकून बसला, रीसेट दिल्यावर सुटला. मला समाधान वाटलं.

पोरगा स्क्रीनकडे बघतच होता. म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाला होता गेट हळू उतरणार. हे तर धाडकन पडतंय."

बरोबर होतं त्याचं. 15 व्होल्टवरून गेट साधारण अर्ध्या मायक्रोसेकंदात तळाला. करंट सेकंदाच्या अब्जाव्या भागाला 6 अँपिअर या वेगानं तुटत होता, आणि टेबलावरच्या 45 नॅनोहेन्री इंडक्टन्सच्या लूपवर त्यानं 270 व्होल्टचा टोला दिला. 300 चे 570 झाले. डीसॅटनं फॉल्ट ओळखला होता. पण बंद करताना जी सौम्यता हवी होती ती कुठेच नव्हती.

28 जून

रात्री झोपेतही तीच लाट. आज कागदावर मांडून पाहिलं आणि कारण अगदी साधं निघालं.

ड्रायव्हर फॉल्टच्या वेळी जोरात ओढत नाही, सुमारे 130 मिलिअँपिअरनं हळू ओढतो. आउटपुट −8 पासून 2 व्होल्टच्या अंतरावर आलं की मगच पूर्ण ताकदीनं दाबून धरतो. त्याची सौम्यता म्हणजे एवढाच मर्यादित करंट. तो गेटवर पोहोचला तर गेटची कपॅसिटी हळू रिकामी होईल. पण मध्ये बफर आहे. ड्रायव्हरला दिसतो तो फक्त बफरचा बेस. गेटची 110 नॅनोफॅरड त्याला पीएनपीच्या गेननं भागून दिसते: गेन 50 धरला तर जेमतेम 2.2 नॅनोफॅरड. एवढी चिमूटभर कपॅसिटी 130 मिलिअँपिअर चुटकीसरशी रिकामी करतो, आणि बेस खाली गेला की पीएनपी इमानानं गेटलाही त्याच वेगानं खाली खेचतो. आम्ही ताकद वाढवायला लावलेल्या बफरनं ड्रायव्हरचा नाजूक हातही पन्नास पटींनी वाढवला.

मग वाटलं, फॉल्टच्या वेळी बफर बाजूला ठेवून ड्रायव्हरलाच थेट गेट ओढू द्यावं का? हिशोब केला. 15 वरून थ्रेशोल्डच्या, म्हणजे आयजीबीटी बंद होतो त्या, 6 पर्यंत 9 व्होल्ट, 110 नॅनोफॅरड, 130 मिलिअँपिअर: 7.6 मायक्रोसेकंद. आधीचे 3.8 मिळवले की 11 च्या पुढे. मॉड्यूलची सहनशक्ती 10. एवढ्या मोठ्या गेटला ड्रायव्हर एकटा फार सावकाश, बफरसकट फार घाईचा.

प्रत्यक्ष मशीनचं चित्र आणखी वाईट आहे. तिथले बसबार लांब आणि एकमेकांपासून दूर. मागे मोजलेला लूप 95 नॅनोहेन्री होता. तिथे 6 अँपिअर प्रति नॅनोसेकंदाचे 570 व्होल्ट होतात. 600 मध्ये मिळवले की 1170, तेही टर्मिनलवर. 1200 च्या मॉड्यूलला हे द्यायचं म्हणजे शॉर्ट सर्किटमधून वाचवून ओव्हरव्होल्टेजनं मारायचं.

1 जुलै

उपाय बफरच्या अलीकडे. बेस-बिंदूपासून −8 रेलकडे एक कपॅसिटर टाकायचा, म्हणजे ड्रायव्हरच्या 130 मिलिअँपिअरला रिकामं करायला काहीतरी ठोस मिळतं. बेस जितक्या हळू उतरेल तितक्याच हळू गेट.

किंमत: करंट गुणिले वेळ भागिले झोका. 2 मायक्रोसेकंद हवेत, तर 0.13 × 2 ÷ 23 = 11.3 नॅनोफॅरड. 10 घेतला, सी0जी जातीचा, कारण व्होल्टेजनं किंवा उष्णतेनं किंमत बदलणारा कपॅसिटर इथे चालणार नाही. त्याच्यासोबत मालिकेत 10 ओहम. नुसता कपॅसिटर लावला तर रोजच्या स्विचिंगमध्ये ड्रायव्हरचे 2.5 अँपिअर आधी तोच भरण्यात जातात, सुमारे 90 नॅनोसेकंद वाया. 23 ÷ 2.5 म्हणजे 9.2 ओहम, म्हणून 10. फॉल्टच्या वेळी मात्र 130 मिलिअँपिअरला या 10 ओहमवर फक्त 1.3 व्होल्टची पायरी पडते. तेवढी चालेल.

जोडलं, 300 व्होल्टवर पल्स दिली. गेट उतारावरून गाडी सोडावी तसं सरळ रेषेत खाली आलं. पोरगा हसला. पण वेळ मोजली तर 1.8 च्या जागी 2.9 मायक्रोसेकंद.

2 जुलै

हा फरक सोडून देता येत नाही. हळू झालं ते चांगलंच, असं म्हणून पुढे गेलो तर दुसऱ्या कार्डात काय होईल हे कुणाच्या हातात राहणार नाही.

130 मिलिअँपिअर सगळाच्या सगळा कपॅसिटरला मिळत नाही. त्याचे वाटेकरी दोन. पहिला पीएनपीचा बेस करंट: म्हणजे वरची 2.2 नॅनोफॅरड 10 मध्ये मिळवायची, 12.2. दुसरा आम्हीच बसवलेला 22 ओहम. गेट उतरताना एमिटर बेसपेक्षा 0.7 व्होल्ट वर असतो, त्यामुळे या रेझिस्टरमधून 32 मिलिअँपिअर बेस-बिंदूत येत राहतो आणि तोही ड्रायव्हरलाच गिळावा लागतो. उरले 98. 98 ÷ 12.2 म्हणजे मायक्रोसेकंदाला 8 व्होल्ट, 23 व्होल्टला 2.9 मायक्रोसेकंद. आकडा तंतोतंत बसला. बरं वाटलं.

22 काढून 100 ओहम लावला. गळती 7 मिलिअँपिअरवर आली, वेळ 2.3 मायक्रोसेकंद. आता ही वेळ मुख्यत्वे कपॅसिटरवर ठरते, ट्रान्झिस्टरच्या गेनवर थोडीच. गेन 50 च्या जागी 100 आला तरी फरक दहाएक टक्क्यांचा. बनावट पट्टीतल्या 15 गेनच्या ट्रान्झिस्टरांनी मात्र इथेही घोळ घातला असता.

100 ओहमची किंमत एकच: गेटचा शेवटचा 0.6 व्होल्ट भरायला 11 मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. अर्धी सायकल 50 मायक्रोसेकंदांची, त्यामुळे सुरुवातीला थोडा वेळ गेट 14.4 च्या आसपास राहतं. सॅच्युरेशन व्होल्टेजमध्ये (पूर्ण चालू आयजीबीटीवर पडणाऱ्या व्होल्टेजमध्ये) फरक दिसण्याइतकाही नाही.

5 जुलै

600 व्होल्ट. पेटी बंद, दोघंही मागे. "सोडू?" म्हणून विचारलं, पोरगा म्हणाला, "मीटर बघितला सर, सोडा."

1800 अँपिअर, गेट 3.8 ला उतरायला लागलं, करंट साधारण 0.9 मायक्रोसेकंदात शून्य. टोला 90 व्होल्टचा, शिखर 690. मशीनच्या 95 नॅनोहेन्रीवर हाच वेग 190 देईल, म्हणजे 790. आता मॉड्यूलला श्वास घ्यायला जागा आहे. एका पल्सला सुमारे 5 जूल चिपमध्ये गेले. दोन पल्समध्ये दहा मिनिटं थांबून अशा वीस पल्स दिल्या. मॉड्यूलची गळती आधी आणि नंतर सारखीच.

15 नॅनोफॅरडही लावून पाहिला. टोला आणखी कमी झाला, पण शॉर्ट सर्किटचा एकूण काळ वाढला. टोल्यासाठी जागा असताना चिप उगाच जास्त तापवायची नाही. 10 वर कायम.

10 जुलै

रोजच्या कामावर परिणाम मोजला. चालू होण्याचा विलंब कपॅसिटरशिवायच्या तुलनेत 40 नॅनोसेकंदांनी वाढला. डेड टाइम (दोन्ही आयजीबीटी बंद ठेवायचा मधला काळ) 2 मायक्रोसेकंद आहे, त्यात हे खपून जातं. कपॅसिटरच्या भरण्या-उतरण्याची वीज 10 नॅनो × 23 × 23 × 10 हजार, 53 मिलिवॅट. 10 ओहमचा रेझिस्टर 1206 आकाराचा ठेवला.

18 जुलै

मिलर क्लॅम्पचं काय करायचं हे राहिलं होतं. क्लॅम्पचं पिन बफरच्या अलीकडे, बेस-बिंदूला जोडलं तर निरर्थक आहे, ते थेट गेटला हवं, 1 ओहमच्या पलीकडे. तसा आखूड ट्रॅक दिलाय. पण त्याची ताकद दोन-अडीच अँपिअरची, आणि एवढ्या मॉड्यूलचा मिलर करंट त्याहून मोठा होऊ शकतो. म्हणून मुख्य भिस्त −8 वरच. समोरचा आयजीबीटी चालू होताना बंद गेटवर 3 व्होल्टचा उंचवटा दिसला, म्हणजे गेट −5 च्या वर गेलं नाही.

आणखी एक गोष्ट कार्डाच्या आराखड्यावर लिहून ठेवली: ड्रायव्हर स्वतःचा पुरवठा मोजतो, गेट मोजत नाही. बफरचा एनपीएन उघडा पडला तर ड्रायव्हरच्या लेखी सगळं ठीक असेल आणि गेटला फक्त 100 ओहममधून अर्धवट व्होल्टेज मिळेल. अशा वेळी आयजीबीटी नीट सॅच्युरेट होत नाही आणि डीसॅटच त्याला पकडतो. हे मुद्दाम एनपीएन काढून, कमी करंटवर तपासलं. पकडलं.

26 जुलै

आज मशीनवर कार्ड बसवायला जायचं होतं. पावसानं रद्द. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडलीय, शिरोलीला जायची जोखीम नको म्हणून मालकांनीच फोन केला. दिवस कार्डांना कोटिंग करण्यात गेला. तिथल्या हवेत लोखंडाची बारीक धूळ असते, डीसॅटच्या 150 पिकोफॅरडच्या आसपास ती बसली तर वेळच बदलेल. तो भाग दोनदा रंगवला.

6 ऑगस्ट

बसवलं. मशीनवर 600 चं शॉर्ट सर्किट करायचं नव्हतं, पण 150 व्होल्टवर एक पल्स घेतली, नुसती लाटेचा आकार बघायला. उतार तोच, 2.3 मायक्रोसेकंद. लूप जसा मोजला होता तसाच निघाला.

मग पूर्ण व्होल्टेजवर, पहिला शाफ्ट. लाल झाला, पाणी पडलं, वाफ उठली. मिस्त्रींनी कानस फिरवून बघितली. कानस घसरली, म्हणजे कडक झालाय. दुपारपर्यंत चाळीस शाफ्ट काढले. मॉड्यूलच्या बुडाशी 61 अंश.

निघताना सुटं कार्ड मालकांकडे दिलं आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली: बफरचे ट्रान्झिस्टर बदलले तर बेसजवळचा 10 नॅनोफॅरड आणि 10 ओहम काढायचे नाहीत, कपॅसिटर सी0जीच, आणि बदलल्यावर गेटचा उतार स्कोपवर बघितल्याशिवाय कार्ड मशीनला लावायचं नाही. चिठ्ठी पोरग्याच्या अक्षरात आहे.